राजाच्या डबीला मुंग्या

१

लक्ष्मणरावांची गुलाबी डबी गेली, त्या सकाळी त्यांची राइस मिल सुरूच झाली नाही. हायवेवर धानाचे ट्रक उभे, हमाल बिड्या ओढत बसलेले, आणि मालक दिवाणखान्यात काचेच्या कपाटासमोर पाट टाकून बसलेले, घरात गमी झाल्यासारखे. मला आलेला निरोपही मयताचाच वाटला. लाखनीत फोटोचा स्टुडिओ माझा एकट्याचा, त्यामुळे अशा वेळीही मला बोलावतात. कॅमेरा घेऊन पोचलो, तर फोटो काढायचा होता एका रिकाम्या जागेचा.

"पुरावा म्हणून काढ, श्रावण," ते म्हणाले. "अन् सारं कपाट येऊ दे त्याच्यात."

आधी ही डब्यांची भानगड सांगायला हवी. लक्ष्मणराव तांदूळ विकायला कलकत्त्याला जायचे. बाकीचे व्यापारी तिकडून साड्या आणत, मिठाई आणत. लक्ष्मणराव तिथल्या जुन्या बाजारातून चिनी मातीच्या फ्रेंच डब्या आणत. बहुतेक पांढऱ्याशुभ्र, कडांना सोन्याचा मुलामा, पितळी बिजागरी, आणि झाकणावर हातानं रंगवलेली चित्रं: झोपाळ्यावरची बाई, बासरी वाजवणारा गडी, मेंढरं, गुलाबाच्या माळा. त्यांत काही ठेवायचं नाही, त्यांना कोणी हात लावायचा नाही, फक्त पाहायच्या. गावानं हे एक दुखणं आहे असं समजून त्यांना सोडून दिलं होतं.

गेलेली डबी त्यांतली सगळ्यात मोठी, चांगली जेवणाच्या डब्याएवढी. ती फ्रान्सच्या पंधराव्या लुई राजाच्या काळातली आहे, असं ते सांगत. त्यांचा मेहुणा घनश्याम म्हणायचा, पंधरा राजे झाले तरी ज्यांना दुसरं नाव सुचलं नाही त्यांच्या डबीचं एवढं काय कौतुक.

पोलिसांत जायला लक्ष्मणराव तयार नव्हते. तिथं डबीची किंमत सांगावी लागली असती, आणि ती मनकर्णाबाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, कानावर गेली असती. शिवाय त्यांना तपास नकोच होता.

"चोर मले मालूम आहे," ते म्हणाले. "जवाहरनगरचा भय्याजी."

मी कॅमेरा खाली ठेवला. अख्ख्या भंडारा जिल्ह्यात लक्ष्मणरावांचा जिवाभावाचा माणूस असेल तर तो भय्याजीच होता.

२

भय्याजी जवाहरनगरच्या फॅक्टरीत फोरमन. त्यांनाही हेच दुखणं. मिशनच्या दवाखान्याचे एक म्हातारे डॉक्टर आपल्या देशी परत गेले, तेव्हा त्यांच्या घरातलं सामान विकायला निघालं. तिथं या दोघांनी एकेक मोठी डबी घेतली, लक्ष्मणरावांनी ही गुलाबी, भय्याजींनी निळी, आणि तिथंच त्यांची ओळख झाली. तेव्हापासून रविवारी भय्याजी एसटीनं लाखनीला यायचे. दोघं कपाटासमोर बसायचे आणि संध्याकाळपर्यंत डब्यांकडे पाहत राहायचे. जिल्ह्यात दुसरं कोणी त्यांच्यासोबत बसून पाहणारं नव्हतं.

पण पोळ्याच्या सुमारास बिनसलं. भय्याजींनी कुठंसं वाचलं, की शंभरेक वर्षांपूर्वी फ्रान्सातल्या कारखान्यांनी जुन्या राजवाडी थाटाच्या डब्या पुन्हा नव्यानं करायला घेतल्या होत्या. चित्रं जुनी, मुलामा जुन्या तऱ्हेचा, एवढंच काय बुडाखालची राजाच्या काळची खूणसुद्धा हुबेहूब रंगवलेली. माती मात्र वेगळी. त्यांनी लक्ष्मणरावांची गुलाबी डबी हातात घेतली आणि म्हणाले, ही त्यातलीच दिसते. मग काय, तू-तू मी-मी सुरू, तेही ‘तुमी-आमी’ म्हणत. शेवटी ठरलं, की कोजागिरीच्या आधीच्या रविवारी भय्याजींनी मोठं भिंग आणायचं आणि काय तो निकाल लावायचा. आणि शनिवारी डबीच गायब. लक्ष्मणराव म्हणत, भय्याजीनं जळून चोरली. पुढं जवाहरनगरहून उलट निरोप आला, की निकालाच्या भीतीनं लक्ष्मणरावानंच लपवली असेल.

"ज्याच्यासंगं पाहाचं तोच असा निघाला, तं ठेवून काय करू?" लक्ष्मणराव त्या सकाळी मला म्हणाले. कोजागिरी झाली की सगळं कपाट नागपूरच्या एका व्यापाऱ्याला देऊन टाकणार होते. ते रागानं बोलले असते तर मी हसण्यावारी नेलं असतं. पण माणूस रडवेला झाला होता.

घरी येऊन फिल्म धुतली, प्रिंट काढली, आणि माझाच जीव गेला. सगळ्या डब्यांवर बारीक काळे ठिपके. केमिकल खराब असलं की असे डाग पडतात. मी ब्रश घेऊन ते मिटवायला बसणार, तेवढ्यात आनंदाबाई आल्या.

माझा स्टुडिओ त्यांच्या ओसरीत आहे, म्हणजे मी त्यांचा भाडेकरू. त्या कन्याशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. लाखनीतल्या निम्म्या बायका त्यांच्या विद्यार्थिनी आणि बरेचसे पुरुष त्या विद्यार्थिनींचे नवरे. त्यामुळे बाई प्रश्न विचारू लागल्या की समोरचा माणूस आपोआप उभा राहतो. रिकामपण त्यांना सोसत नाही, आणि गावात कोणाची कोंबडी हरवली तरी त्यांना उत्साह येतो.

बाईंनी विचारलं, गावात काय नवीन. मी म्हटलं, दोन बातम्या आहेत, एक कामाची आणि एक बिनकामाची. कामाची डबीची. बिनकामाची म्हणजे भुलाबाईत गिरजाबाई हरल्या.

आमच्याकडे भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. गल्लीतल्या पोरी रोज घरोघरी जाऊन गाणी म्हणतात, आणि शेवटी त्या घरची बाई पदराखाली झाकलेला डबा हलवते. आवाजावरून आतला खाऊ ओळखायचा. लक्ष्मणरावांच्या शेजारच्या गिरजाबाई म्हणजे नातवंडं झालेली बाई, पण पोरींत जाऊन बसायच्या आणि पोरींच्या आधी ओळखायच्या. कोणाचा डबा पितळी, कोणाचा स्टीलचा, कोणाचं बिस्किटांचं टिनपाट, सगळं त्यांच्या कानाला पाठ. अशा गिरजाबाई शुक्रवारी हरल्या, आणि तेव्हापासून कोणाशी धड बोलत नव्हत्या.

"कोणाच्या घरी हरली?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, मी कशाला विचारतो. त्यांनी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला, प्रिंट उजेडाला धरली आणि म्हणाल्या, "हे मिटवू नकोस. हे डाग नाहीत, मुंग्या आहेत."

३

दुसऱ्या दिवशी बाई लक्ष्मणरावांच्या दिवाणखान्यात खुर्ची मांडून बसल्या. जणू तोंडी परीक्षाच होती.

पहिले लक्ष्मणराव. कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ली कुठं असते, यावर ते लाजले. किल्ली त्यांच्या कमरेच्या करगोट्याला असायची. आंघोळीच्या वेळी तेवढी सोडून न्हाणीबाहेरच्या खुंटीला टांगत. कपाटावर पडदा असतो आणि तो ते फक्त शनिवारी, मारुतीची पूजा झाल्यावर, बाजूला करत. म्हणजे डबी आधीच्या आठवड्यात कधीही गेलेली असू शकत होती. भय्याजीवर संशय का, तर शुक्रवारी संध्याकाळी मिलच्या हमालांनी त्यांना फाटकापाशी उभं असलेलं पाहिलं. ते आत आले नाहीत, आणि थोड्या वेळानं परत गेले.

मग घनश्याम. मिलचे पट्टे आणि बेअरिंगं ठेवायला त्याला ते कपाट हवं होतं, हे त्यानं स्वतःहून कबूल केलं. पण म्हणाला, बाई, मले कपाट पाहिजे होतं, डबी नाई. मी नेली असती तं साऱ्याच नेल्या असत्या. बाईंना हे पटलं. त्याच्या बोटांना ग्रीस होतं, आणि त्यानं टेकलेल्या दाराच्या चौकटीवर लगेच चार काळे ठसे उमटले. कपाटाची काच मात्र स्वच्छ होती.

घरकाम करणारी रुखमा म्हणाली, त्या कपाटाले मी फडकाबी नाई लावत, मालक झाडूकडंच असे पाहातेत की मले झाडणं सुदरत नाई. तिच्यावर आळ येईल या भीतीनं ती रडायला लागली. बाईंनी तिला पाणी दिलं आणि बसवून ठेवलं.

शेवटी मनकर्णाबाई. चहा घेऊन आल्या आणि उभ्याच राहिल्या. त्याही बाईंच्या शाळेतल्या. त्यांना डबीचं फारसं दुःख झालेलं दिसत नव्हतं, पण त्या बाईंच्या नजरेला नजर देत नव्हत्या.

"कायले एवढं मनाले लावून घेता," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "भेटन ना. कोजागिरीले भेटून जाईन एखाद्या वेळेस."

लक्ष्मणरावांनी कपाळाला हात लावला. बाईंनी मात्र चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबवला, आणि मग काहीच न विचारता शांतपणे संपवला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, आता काय. त्या म्हणाल्या, जवाहरनगर.

४

दोन दिवसांनी आम्ही गेलो. भय्याजींच्या क्वार्टरमध्ये लेथवर घडवल्यासारखी टापटीप. त्यांची मोठी डबी टेबलावर होती, निळी, बाकी लक्ष्मणरावांच्या डबीची सख्खी बहीण. शेजारी भिंग पडलेलं. त्यांच्या पत्नी निर्मलाबाई म्हणाल्या, आठ दिवसांपासून हे जेवत नाहीत, फक्त भिंगातून पाहतात आणि उसासे टाकतात.

बाईंनी विचारलं, शुक्रवारी लाखनीला का आला होता? भय्याजी उभे राहिले.

"काम होतं."

फाटकातून परत का गेलात?

"नाई सांगत."

डबी तुम्ही नेली का?

यावर हा शांत माणूस तांबडालाल झाला. म्हणाला, त्या माणसानं मले चोर म्हटलं, बाई. भंडाऱ्याच्या बसस्टँडवर चार लोकायसमोर म्हटलं. डबी खोटी असन का खरी असन, त्याच्यासंगं आता माहं बोलनं नाई. एवढं बोलून त्यांनी पाठ फिरवली, आणि निळी डबी उचलून कपाटात ठेवली. ठेवण्याआधी मात्र तिच्यावरची धूळ आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसली, अगदी हळू, तान्ह्या पोराचं तोंड पुसावं तशी.

परतीच्या एसटीत मी म्हटलं, बाई, हाच चोर. लपवतोय काहीतरी.

"लपवतोय," बाई म्हणाल्या. "पण चोरी नाही. तो माणूस डबीत साखर टाकेल का?"

साखरेचा संबंध मला कळेना. बाईंनी पुढं काही सांगितलं नाही. लाखनीला उतरल्यावर एवढंच म्हणाल्या, की कोजागिरीच्या दुपारी सगळ्यांना लक्ष्मणरावांकडे जमव, आणि भय्याजी येणार नाही म्हणाला तर सांग की आनंदाबाईंनी बोलावलंय. आणखी एक माणूस त्या स्वतः बोलावणार होत्या.

५

कोजागिरीच्या दुपारी दिवाणखाना भरला. लक्ष्मणराव एका भिंतीला, भय्याजी समोरच्या भिंतीला, दोघंही एकमेकांऐवजी कॅलेंडरकडे पाहत होते. नागपूरचा व्यापारी संध्याकाळी यायचा होता. कपाटाशेजारी रिकामी खोकी आणि गवत येऊन पडलं होतं, आणि ते पाहवत नव्हतं.

बाईंनी माझी प्रिंट सगळ्यांना दाखवली.

"या मुंग्या नुसत्या रिकाम्या जागेपाशी नाहीत. प्रत्येक डबीच्या तोंडाशी आहेत. म्हणजे कोणीतरी एकेक डबी उघडून तिच्यात गोड काहीतरी टाकून पाहिलं. विकणारा चोर असं करणार नाही. भय्याजी तर त्याआधी स्वतःचा हात तोडून देईल. आत काही मावतं का ते डोळ्यांनीच दिसतं, त्याला साखर टाकावी लागत नाही. मग कशासाठी? हलवून ऐकण्यासाठी. लक्ष्मणराव, तुम्ही इतकी वर्षं या डब्या पाहिल्या. कधी वाजवून पाहिल्या का?"

लक्ष्मणरावांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"या दिवसांत आपल्याकडे डबा वाजवून कोण पाहतं, ते इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. आणि गिरजाबाई ज्या घरी हरली ते हेच घर. मी विचारून घेतलं. किल्ली आंघोळीच्या वेळी खुंटीला असते. त्या वेळी गरम पाणी काढून द्यायला न्हाणीपाशी कोण असतं?"

सगळ्यांनी मनकर्णाबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर खोचला.

"मी नेली," त्या म्हणाल्या. "साखरफुटाणे टाकून वाजवून पाह्यल्या साऱ्या. हेच तेवढी मोठी, अन् हिचाच आवाज येगळा. त्याइच्या डब्याले कोनी हात नाई लावाचा, अन् माह्या डब्याले सारी गल्ली हासे. गिरजाबाई पदर हालत नाई तं सांगे, मुरमुरे. एक डाव मले जिंकाचं होतं."

"अन् मंग वापस काहून नाई ठेवली?" लक्ष्मणराव ओरडलेच.

मनकर्णाबाईंचा आवाज खाली आला. हरल्यावर गिरजाबाईंनी डबा मागून घेतला. म्हणाल्या, सासूले खाऊ नेतो, याच डब्यात दे. खरं म्हणजे त्यांना तो आवाज घरी जाऊन तपासायचा होता. इतक्या बायकांपुढं नाही कसं म्हणणार? आणि हा डबा कुठला, असं विचारल्यावर मनकर्णाबाईंच्या तोंडून निघून गेलं, की माह्या माहेरचा. मग दुसऱ्या दिवशी मागायला कोणत्या तोंडानं जाणार? खाऊ देऊन पाठवलेलं भांडं कोणी मागत नसतं. ते आपोआप परत येतं, आणि रिकामं येत नाही.

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "गिरजाबाई रिकामं भांडं परत देणार नाही, हे गावाला माहीत. आणि हरलेली गिरजाबाई साधंसुधं काही भरूनही देणार नाही. ती थांबली असणार, ओळखताच येणार नाही असं काही हाती येईपर्यंत. कशासाठी थांबली ते मला माहीत नाही. पण मनकर्णा स्वतःच बोलून गेली, की कोजागिरीला मिळेल. भुलाबाईचा शेवटचा डबा त्याच दिवशी वाजतो."

तेवढ्यात बाईंनी बोलावलेल्या गिरजाबाई दारात उभ्या. पदराखाली काहीतरी मोठं. घरातली माणसं पाहून त्या दचकल्या, पण मनकर्णाबाई दिसताच ताठ झाल्या. बाईंनी विचारलं, चोरीचा गवगवा ऐकला नव्हता का?

"आयकला जी. पन मी म्हटलं राजाची डबी म्हनजे सोन्याची असन. हा तं चिनी मातीचा, लोनच्याच्या बरनीसारखा. ओळख, मनकर्णा." आणि त्यांनी पदराखालून डबी जोरात हलवली.

लक्ष्मणरावांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मिलच्या भोंग्याशी जुळता होता. भय्याजी तर अर्धे उठले आणि हात पुढे करून तसेच थिजले. आतून जेमतेम सळसळ ऐकू आली. मनकर्णाबाईंनी कान लावला, पुन्हा हलवायला सांगितलं, आणि लक्ष्मणराव भिंतीला टेकले. साळीच्या लाह्या? नाही. मुरमुरे? नाही. गिरजाबाईंचा चेहरा उजळत चालला होता आणि मनकर्णाबाईंचा उतरत.

"पोहे आहेत ते," लक्ष्मणराव डोळे मिटूनच म्हणाले. "नव्या धानाचे. हलक्या, लौकर पिकनाऱ्या धानाचे, कालपरवा कुटलेले, अजून ओल आहे त्याइच्यात. वाळलेले असते तं वाजले असते. आता ठेवा ना माय खाली."

गिरजाबाईंनी निमूटपणे झाकण उघडलं. पोहेच होते. मनकर्णाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर बायका सहसा पाहत नाहीत अशा नजरेनं पाहिलं. इतक्या वर्षांत या माणसानं घरातल्या डब्याचं काही ओळखलं ते हेच पहिलं.

६

डबी शाबूत होती, झोपाळ्यावरची बाई होती तिथंच होती. पण खरा पेच सुटला नव्हता. लक्ष्मणराव भय्याजींकडे पाहू शकत नव्हते. चोर म्हटलेला शब्द परत कसा घ्यायचा, हे त्यांना येत नव्हतं. त्यांनी रुखमाला भय्याजींपुढं पाट मांडायला सांगितलं, आणि पोह्यांसकट डबी स्वतः उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"लावा भिंग," ते म्हणाले. "काय असन ते सांगून टाका."

भय्याजींनी भिंग लावलं. झाकण पाहिलं, कडा पाहिल्या, पोहे एका ताटलीत काढून घेऊन बूड पाहिलं. मग भिंग खिशात घातलं.

"शुक्रवारी मी हेच सांगाले आलो होतो," ते म्हणाले. "घरी माह्या निळीले भिंग लावलं, अन् झोप उडाली. मी तुमच्या डबीले खोटी म्हटलं तवा मले वाटे, माही तरी खरी आहे. दोघी सारख्याच आहेत, लक्ष्मणराव. राजाच्या काळच्या नाई. मागाहून कोनी तरी जुन्या थाटात केल्या. हे सांगाचं म्हनून फाटकापावतर आलो, अन् पाय उचलला नाई."

मला वाटलं आता हे कोसळतात. लक्ष्मणरावांनी डबीचं झाकण हळूच लावलं.

"व्यापाऱ्याले निरोप दे," ते घनश्यामला म्हणाले, "म्हना येऊ नको." आणि मग भय्याजींकडे वळले. इतक्या वर्षांत कधी एकमेकांना एकेरी बोलले नव्हते. "खोटी असन तं असन बाप्पा. मले कोनाचा राजा पाहाचा होता? तू नाई आला, तं मी पाहू कोनासंगं?"

भय्याजींनी पोह्यांचा एक मोठा बकाणा भरला. डोळे मात्र आधीच भरून आले होते.

"तुले सोडून मी कुठं जाऊन राहिलो," ते म्हणाले, आणि ताटली लक्ष्मणरावांपुढं सरकवली.